जेंटल जायंटचा 'इन अ ग्लास हाऊस' कसा ऐकावा : नवख्या श्रोत्यांसाठी पायरीवार मार्गदर्शन

१९७३ हे वर्ष प्रोग्रेसिव्ह रॉकच्या, म्हणजे लांब आणि गुंतागुंतीच्या रचनांच्या रॉक संगीताच्या, भरभराटीचे होते. मार्च महिन्यात पिंक फ्लॉइडचा 'द डार्क साइड ऑफ द मून' आणि किंग क्रिम्सनचा 'लार्क्स टंग्ज इन ॲस्पिक' आला, सप्टेंबरच्या अखेरीस जेनेसिसचा 'सेलिंग इंग्लंड बाय द पाउंड' आला आणि वर्ष संपता संपता येस व इमर्सन, लेक अँड पामर यांचेही मोठे अल्बम बाजारात आले. याच वर्षी जेंटल जायंट या ब्रिटिश वाद्यवृंदाचा 'इन अ ग्लास हाऊस' प्रसिद्ध झाला आणि वरच्या नावांच्या तुलनेत तो फारच थोड्या लोकांपर्यंत पोहोचला. आजही या संगीताची आवड असलेल्या अनेकांनी त्याचे नाव ऐकलेले असते, एखादे गाणे अर्धवट ऐकून सोडलेलेही असते; पण अल्बम मनापासून ऐकलेला नसतो.

याचे कारण अल्बमच्या दर्जात नाही, तो ऐकण्याच्या पद्धतीत आहे. पिंक फ्लॉइडचे संगीत आपल्याला अलगद उचलून वाहून नेते; आपण डोळे मिटून बसलो तरी चालते. 'इन अ ग्लास हाऊस' तसे करत नाही. त्यात पाच वादक एकाच वेळी पाच निरनिराळ्या स्वरावली वाजवत असतात आणि त्यांतली एकही इतरांच्या मागे उभी राहून नुसती साथ करत नाही. सगळे एकदम ऐकू पाहणाऱ्याला गोंधळ ऐकू येतो. एका वेळी एकच धागा धरून ऐकणाऱ्याला मात्र त्यातली वीण हळूहळू दिसू लागते. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एकाच सूत्रावर आधारलेल्या आहेत. मी स्वतः याच वाटेने या अल्बमपर्यंत आलो आणि आज तो माझ्या अत्यंत जवळच्या अल्बमांपैकी एक आहे. म्हणूनच नव्याने येणाऱ्यांची चाचपडण्यातली मेहनत वाचावी असे वाटते.

सुरुवात करण्यापूर्वी काय हवे

• तारेचे, कान पूर्ण झाकणारे साधे हेडफोन, किंवा नीट अंतरावर मांडलेले दोन स्पीकर. महागडे उपकरण लागत नाही. डावा आणि उजवा आवाज वेगळा कळला पाहिजे, एवढीच अट आहे.
• अल्बमची मूळ सहा गाण्यांची यादी, क्रमासह. ती पुढे दिली आहे.
• गाण्यांचे इंग्रजी शब्द. वाद्यवृंदाने ते प्रसिद्ध केलेले आहेत आणि सहज सापडतात.
• एक वही आणि पेन्सिल. कोणत्या मिनिटाला काय ऐकू आले हे लिहून ठेवल्यास पुढच्या वेळी तीच जागा शोधत बसावे लागत नाही.
• सलग ४० मिनिटांची निवांत वेळ. ही पहिल्या दिवशी लागत नाही, पण नवव्या पायरीला तिच्यावाचून चालत नाही.

१. आधी माणसे ओळखून घ्या

जेंटल जायंट १९७० साली उभा राहिला आणि १९८० साली थांबला. त्याच्या केंद्रस्थानी फिल, डेरेक आणि रे हे तीन शुलमन बंधू होते. साठच्या दशकात हेच तिघे 'सायमन डुप्री अँड द बिग साउंड' या लोकप्रिय वाद्यवृंदात होते आणि १९६७ मध्ये त्यांचे 'काइट्स' हे गाणे ब्रिटनमध्ये चांगलेच गाजलेही होते. त्या प्रकारच्या यशाचा कंटाळा येऊन त्यांनी अवघड वाट धरली.

'इन अ ग्लास हाऊस'ची गोष्ट फिलच्या जाण्यापासून सुरू होते. तो डेरेकपेक्षा दहा वर्षांनी मोठा होता, सॅक्सोफोन आणि ट्रम्पेट वाजवायचा, गायचा आणि गीतलेखनातही त्याचा मोठा वाटा असे. १९७२ च्या 'ऑक्टोपस' या अल्बमनंतर कुटुंबाला वेळ देता यावा म्हणून तो बाहेर पडला. घरातला थोरला भाऊ निघून गेल्यावर उरलेल्या पाच जणांनी लंडनच्या ॲडव्हिजन स्टुडिओत बसून हा अल्बम केला. हे पाच जण कोण आणि कोणता आवाज कोणाचा, हे पाठ करून ठेवा. पुढे त्याचा रोज उपयोग होईल.

डेरेक शुलमन हा मुख्य गायक. त्याचा आवाज खडा, काहीसा खरखरीत आणि जोरकस आहे. केरी मिनिअर सगळी कळफलकाची वाद्ये आणि लाकडी-धातूच्या पट्ट्यांची तालवाद्ये वाजवतो आणि मऊ, उंच, जवळजवळ कुजबुजल्यासारख्या आवाजात गातो. त्याने लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये रचनाशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतलेले आहे आणि या अल्बममध्ये जुन्या युरोपीय चर्चसंगीताची जी छाया जाणवते ती मुख्यतः त्याची आहे. २०२३ साली निवर्तलेला रे शुलमन बेस गिटार आणि व्हायोलिन वाजवतो. गॅरी ग्रीन गिटारवर आहे आणि त्याचा कल ब्लूजकडे आहे. जॉन वेदर्स ड्रम्स वाजवतो. सगळे आडवेतिडवे धावत असताना ठेका घट्ट धरून ठेवणारा माणूस तो हाच.

डेरेक खडा, केरी मऊ, एवढे लक्षात ठेवले तरी पहिल्या ऐकण्यातला निम्मा गोंधळ संपतो.

२. योग्य आवृत्ती निवडा

मूळ तबकडीची पहिली बाजू अशी : 'द रनअवे', 'ॲन इनमेट्स ललबाय', 'वे ऑफ लाइफ'. दुसरी बाजू अशी : 'एक्सपिरिअन्स', 'अ रियुनियन', 'इन अ ग्लास हाऊस'. एकूण वेळ सुमारे ३८ मिनिटे. तुमच्यासमोरच्या यादीत याहून जास्त गाणी दिसली तर ती नंतरच्या सीडी आवृत्त्यांमध्ये जोडलेली मैफलींतील ध्वनिमुद्रणे आहेत असे समजा आणि सध्या ती बाजूला ठेवा. अल्बमचा शेवट फार विचारपूर्वक रचलेला आहे. त्याच्या पाठोपाठ लगेच मैफलीतल्या टाळ्या ऐकू आल्या की त्याचा सगळा परिणाम पुसला जातो.

मोबाइलवर ऐकत असाल तर दोन गोष्टी आधी तपासा. गाणी उलटसुलट क्रमाने वाजवण्याची सोय बंद करा. सर्व गाण्यांचा आवाज एका पातळीवर आणणारी सोय असेल तर तीही बंद करा, कारण या संगीतात अगदी हळू आणि एकदम मोठा यांतला फरक जाणूनबुजून ठेवलेला आहे आणि ही सोय नेमका तोच फरक दाबून टाकते.

तबकडीच हवी असा आग्रह असेल तर एक माहिती देतो. हा अल्बम ब्रिटनमध्ये 'डब्ल्यूडब्ल्यूए' या छोट्या कंपनीने काढला. अमेरिकेत त्यांचा आधीचा अल्बम काढणाऱ्या कोलंबिया कंपनीने हा काढलाच नाही. तिथल्या चाहत्यांनी तो आयात केलेल्या प्रतींतून मिळवला आणि तशा प्रती मोठ्या संख्येने खपल्या. त्यामुळे जुनी मूळ प्रत दुर्मीळ आणि महाग असते. मुंबईच्या चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात ती सापडेल या आशेवर रविवार घालवू नका. त्या मूळ प्रतीचे वेष्टन मात्र जाणून घेण्यासारखे आहे : पुठ्ठ्याला खिडकी कापून तिच्यावर छापील पारदर्शक कागद बसवलेला होता, त्यामुळे वादकांच्या दोन प्रतिमा एकमेकींवर पडत. अल्बमच्या संगीतातही नेमके हेच घडत असते. नंतरच्या छपाईत ते एक साधे चित्र होऊन बसले.

३. मात्रा मोजण्याची सवय लावा

हे संगीत कित्येकदा चार-चार मात्रांच्या सरळ चालीत नसते आणि पाश्चात्त्य रॉकवर वाढलेला श्रोता तिथेच अडखळतो. ज्या मराठी घरांत तबला, पखवाज किंवा भजनाचा ठेका कानावर पडत आला आहे, त्यांना इथे खरा फायदा आहे. रूपकाच्या सात मात्रा, झपतालाच्या दहा मात्रा हातावर मोजणाऱ्याला विषम आवर्तनाची भीती वाटण्याचे कारण नाही.

सराव पिंक फ्लॉइडच्या 'मनी' या परिचित गाण्यावर करा. त्याच्या सुरुवातीची नाण्यांची आणि गल्ल्याची खणखण सात मात्रांच्या आवर्तनात आहे. बोटांवर सात मोजत राहा. गिटारचा एकल भाग सुरू झाला की आवर्तन चार मात्रांवर येते, तो बदल तुमच्या हाताला कळला पाहिजे. तो न चुकता कळू लागला की पुढे जा.

एक सावधगिरी मात्र बाळगा. 'इन अ ग्लास हाऊस' ऐकताना प्रत्येक गाण्याचा ताल ठरवून टाकण्याच्या मागे लागू नका. इथे बेस आणि ऑर्गन पुष्कळदा वेगवेगळ्या लांबीची आवर्तने घेत असतात आणि काही वेळाने एकत्र भेटतात. ती भेटण्याची जागा हेरणे, म्हणजे सम शोधणे, एवढेच तुमचे काम. आणि ती शोधताना कान वेदर्सच्या ड्रम्सवर ठेवा; तो तुम्हाला सहसा हरवू देत नाही.

४. 'अ रियुनियन'पासून आत शिरा

अल्बम पहिल्या गाण्यापासून ऐकायचा असतो हे खरे. पण हा अल्बम पहिल्यांदा ऐकणाऱ्याने तसे करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दुसऱ्या बाजूचे 'अ रियुनियन' हे गाणे जेमतेम दोन मिनिटांचे आहे. मिनिअरचा मऊ आवाज, व्हायोलिनच्या कुळातली तारवाद्ये आणि अकूस्टिक गिटार, एवढाच संभार. एकेकाळच्या जवळच्या व्यक्तीची पुन्हा गाठ पडते, असा साधा विषय आहे.

पहिल्या वेळी फक्त गळ्याकडे लक्ष द्या. दुसऱ्या वेळी गळा सोडून द्या आणि फक्त व्हायोलिनच्या मागे जा. ते गाण्याच्या ओळी भरून काढत नाही, स्वतःची वेगळीच चाल सांगत असते, आणि तरीही दोन्ही चाली एकमेकींना कुठे खटकत नाहीत. पाश्चात्त्य संगीतात याला काउंटरपॉइंट म्हणतात. आपल्याकडे हार्मोनियम किंवा सारंगी गायकाच्या पाठोपाठ तीच स्वरावली घेत जाते. इथे कोणीही कोणाच्या पाठोपाठ जात नाही. हा फरक दोन मिनिटांच्या या गाण्यात एकदा कानात बसला की उरलेल्या मोठ्या गाण्यांची किल्ली तुमच्या हाती आली.

५. 'ॲन इनमेट्स ललबाय' : गिटार नसलेले रॉक

हे गाणे जवळजवळ पाच मिनिटांचे आहे आणि त्यात गिटार नाही, बेस नाही, ऑर्गन नाही, नेहमीचा ड्रम सेटही नाही. ते केवळ आघाताने वाजणाऱ्या स्वरवाद्यांवर आणि गळ्यावर उभे आहे. ही वाद्ये ओळखायला शिका. मरिंबा म्हणजे लाकडी पट्ट्या आणि त्यांखाली नाद वाढवणाऱ्या नळ्या. आवाज गोल आणि उबदार. झायलोफोनही लाकडाचाच, पण कोरडा आणि टणक. आपल्याकडचे काष्ठतरंग ऐकलेल्यांना त्याची जात लगेच ओळखू येईल. व्हायब्राफोनच्या पट्ट्या धातूच्या असतात आणि नळ्यांच्या तोंडाशी फिरणाऱ्या चकत्यांमुळे त्याचा सूर हलत, थरथरत राहतो. ग्लॉकेनस्पीलचा आवाज बारीक आणि घंटेसारखा. सर्वांत खाली घुमणारे मोठे नगारे म्हणजे टिंपनी.

आता शब्द समोर घ्या. मनोरुग्णालयातल्या मऊ भिंतींच्या खोलीत पडलेला एक माणूस दुपारच्या वेळी स्वतःशीच बोलतो आहे. त्याला आपण कुठे आहोत हे पुरते कळत नाही. आपले छान चालले आहे अशीच त्याची समजूत आहे. लहान मुलांच्या खेळण्यांतून यावेत तसे हे किणकिणणारे स्वर त्याच्या बोलण्याभोवती घातल्यामुळे गाणे एकाच वेळी गोड आणि अस्वस्थ करणारे झाले आहे. गळेही एकमेकांना छेद देत जातात, म्हणजे एकाच डोक्यात दोन माणसे बोलत असल्याचा भास होतो.

हे गाणे पाच-सहा वेळा ऐका आणि प्रत्येक वेळी एकच वाद्य धरा. टिंपनीपासून सुरुवात करणे सोपे, कारण ती कमी वाजते आणि वाजते तेव्हा चुकत नाही. माझ्या मते हे या अल्बममधले सर्वांत धाडसी गाणे आहे. रॉकच्या तबकडीवर, पहिल्याच बाजूला, दुसऱ्याच क्रमांकावर असे काही ठेवणे म्हणजे रेडिओवर वाजण्याची आशा सोडून देणेच होते.

६. 'द रनअवे' : काच फुटते तिथून

आता अल्बमच्या दारात या. काच फुटल्याचा आवाज येतो. मग आणखी एक काच, वेगळ्या पोताची. मग आणखी. सुरुवातीला हे आवाज अपघातासारखे वाटतात, पण थोड्याच वेळात लक्षात येते की ते पुन्हा पुन्हा त्याच क्रमाने येत आहेत. मोठी काच, छोटी काच, खळखळून सांडणारे तुकडे, हे सारे मिळून एक ठेका तयार झालेला आहे. त्या ठेक्याला धरून वाद्ये आत येतात, आणि काच मात्र थांबत नाही. ती एखादे तालवाद्य असल्यासारखी चालूच राहते.

हे १९७३ साली कसे केले असेल याचा थोडा विचार करा. तेव्हा संगणकावर आवाज सरकवण्याची सोय नव्हती. आवाज चुंबकीय फितीवर मुद्रित करायचा, फीत पात्याने कापायची, हवे ते तुकडे चिकटपट्टीने जोडायचे आणि दोन्ही टोके जोडून तिचे वेटोळे यंत्रावर फिरत ठेवायचे, हीच रीत. काच फुटल्याच्या क्षणापासून पुढच्या काचेपर्यंतचा काळ म्हणजे फितीची प्रत्यक्ष लांबी. ती बोटभर चुकली तर ठेका लंगडा पडतो. 'मनी'मधली नाणीही याच पद्धतीने बांधली गेली. ती जगभर पोहोचली, ही काच पोहोचली नाही.

या गाण्यासाठी तीन वेगळी ऐकणी राखून ठेवा. पहिल्यांदा फक्त काचेकडे लक्ष ठेवा आणि वाद्ये आल्यावरही ती तुम्हाला किती वेळ ऐकू येते ते वहीत लिहा. दुसऱ्यांदा रे शुलमनचा बेस धरा. तो खालून आधार देण्यात समाधान मानत नाही, वरच्या वाद्यांशी प्रश्नोत्तरे करतो. तिसऱ्यांदा गाण्याच्या मधल्या भागातल्या मिनिअरच्या मरिंबाची वाट पाहा. तो इतका वेगात आणि इतका नेमका वाजवला आहे की तिथे रॉकच्या गिटारवादनाची उणीव क्षणभरही भासत नाही.

शब्दांचा विषय कैदेतून पळालेल्या माणसाचा आहे. तो सुटतो, पण सुटल्याचा आनंद पोकळ निघतो. पहिल्या गाण्यात बाहेर पळालेला कैदी आणि दुसऱ्या गाण्यात आतच राहिलेला रुग्ण, हा जोड लक्षात घेतला म्हणजे अल्बमच्या नावातले काचेचे घर केवळ म्हणीपुरते नाही हे कळते.

७. 'एक्सपिरिअन्स' : दोन गळ्यांचे भांडण

जवळजवळ आठ मिनिटांचे हे गाणे तुम्हाला सर्वांत जास्त वेळा ऐकावे लागेल, आणि मला विचाराल तर सर्वांत जास्त मोबदलाही तेच देते. एका माणसाच्या दोन वयांची ही गोष्ट आहे : बेफिकीर तारुण्य आणि त्याकडे मागे वळून पाहणारी प्रौढता. दोन्ही बाजू दोन गळ्यांना वाटून दिल्या आहेत.

सुरुवातीला मिनिअर गातो. त्याच्या आवाजाभोवती कळफलकाचे तुटक, छोटे छोटे स्वर एकमेकांच्या फटींत बसवलेले आहेत. ते एकत्र ऐकू नका. डाव्या कानात काय येते आणि उजव्या कानात काय, एवढेच वेगळे करा. याच कारणासाठी मी सुरुवातीला हेडफोनचा आग्रह धरला. एका स्पीकरवर किंवा मोबाइलच्या पोटातल्या छोट्या भोंग्यावर हे स्वर एकमेकांत मिसळून नुसती खडखड होते आणि 'फार किचकट आहे बुवा' म्हणून माणूस गाणे बंद करतो.

मग डेरेकचा गळा येतो आणि सगळ्याचे वजन बदलते. ग्रीनची गिटार पुढे येते, ठेका रुंद आणि जड होतो, जुन्या चर्चमधून थेट रॉकच्या मंचावर आल्यासारखे वाटते. वहीत या बदलाची वेळ नोंदवून ठेवा आणि त्याच्या आधीचे अर्धे मिनिट पुन्हा पुन्हा ऐका. हा बदल अचानक वाटतो, पण तो येण्याची तयारी बेसमध्ये आणि ड्रम्समध्ये आधीच सुरू झालेली असते. ती तयारी सापडली की 'तुकडे तुकडे जोडलेले आहेत' ही या वाद्यवृंदाविषयीची नेहमीची तक्रार तुम्ही तरी पुन्हा करणार नाही.

८. उरलेली दोन गाणी

शीर्षकगीत ऐकायला तुलनेने मोकळे आहे. त्याच्या सुरुवातीच्या व्हायोलिन आणि अकूस्टिक तारांच्या धावपळीत लोकनृत्याची लय आहे, आणि पुढे ग्रीनच्या गिटारचा ब्लूजकडे झुकणारा खडबडीत आवाज येतो. शब्द काचेच्या घरात राहणाऱ्याचे आहेत. काचेच्या घरात राहणाऱ्याने दगड फेकू नयेत, ही म्हण त्यामागे आहे.

'वे ऑफ लाइफ' मी मुद्दाम शेवटी ठेवले आहे. ते एका आरोळीने सुरू होते आणि अल्बममधल्या सर्वांत वेगवान वादनात झेपावते; मध्येच थांबून मिनिअरच्या संथ, प्रार्थनेसारख्या गाण्यात शिरते; पुन्हा धावते; आणि अखेरीस कळफलकाचे लांब स्वर दीर्घकाळ श्वासासारखे ये-जा करत विरत जातात. हा शेवट मला आजही गरजेपेक्षा लांब वाटतो. पण पहिली बाजू तिथे संपते आणि तबकडी उलटण्यापूर्वी तेवढी उसंत मिळावी असा त्यामागे विचार असणे शक्य आहे. मोबाइलवर ऐकताना तिथे एक मिनिट थांबा आणि मगच पुढचे गाणे लावा.

९. आता सलग, मूळ क्रमाने

सहाही गाणी वेगवेगळी ओळखीची झाल्यावरच अल्बम सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका बैठकीत ऐका. या वेळी वही बाजूला ठेवा, शब्दही समोर नकोत.

शीर्षकगीत संपल्यावर हात लगेच बंद करण्याच्या बटणाकडे नेऊ नका. थोड्या शांततेनंतर काही सेकंदांचा एक लहानसा भाग येतो, ज्यात अल्बममधल्या सहाही गाण्यांचे छोटे छोटे तुकडे एकापाठोपाठ एक भरभर जातात, आणि अखेरीस काच फुटते. पुस्तकाच्या शेवटी सूची असावी तसा हा भाग आहे. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला त्यात काहीच ओळखू येत नाही, तो निव्वळ आवाजाचा ढीग वाटतो. तुम्ही वरच्या पायऱ्या नीट केल्या असतील तर प्रत्येक तुकडा कोणत्या गाण्यातला हे तुम्हाला सांगता आले पाहिजे. सहापैकी चार ओळखले तरी उत्तम. जे दोन सुटले त्या गाण्यांकडे परत जा.

१०. मैफलीतला अल्बम

हा सगळा खेळ स्टुडिओतल्या फिती कापून-जोडून साधला असेल, प्रत्यक्षात पाच माणसांना हे वाजवता येणार नाही, अशी शंका या टप्प्यावर अनेकांना येते. तिचे उत्तर 'प्लेइंग द फूल' या १९७७ च्या अल्बममध्ये आहे. १९७६ च्या युरोप दौऱ्यातल्या मैफलींचे हे ध्वनिमुद्रण आहे आणि त्यात 'द रनअवे' व 'एक्सपिरिअन्स' ही दोन्ही गाणी आहेत. मूळ गाणे आणि मैफलीतले गाणे पाठोपाठ ऐका. कोणत्या जागा गाळल्या, कोणत्या वाद्याचे काम दुसऱ्याने उचलले, वेग कुठे वाढला, हे टिपत गेलात तर मूळ रचनेचा सांगाडा कसा आहे ते तुम्हाला फार स्वच्छ दिसेल. जुनी चित्रफीत पाहायला मिळाली तर अवश्य पाहा. हे लोक एकाच गाण्यात दोन-तीन वाद्ये बदलताना दिसतात आणि मग कानांनी ऐकलेल्या गोष्टीवर डोळ्यांचा विश्वास बसतो.

या वाटेवरचे नेहमीचे अडथळे

सर्वांत मोठा अडथळा चित्त विचलित असण्याचा आहे. हा अल्बम गाडी चालवताना, स्वयंपाक करताना किंवा काम करताना ऐकू नका. पाठीमागे वाजत ठेवण्यासारखे पुष्कळ चांगले संगीत जगात आहे. हे त्यांतले नाही, आणि अशा ऐकण्याने तुमचे त्याच्याविषयीचे मत कायमचे बिघडू शकते.

दुसरा अडथळा परीक्षणांचा. जेंटल जायंटविषयी लिहिणारे बहुतेक जण त्यांच्या हुशारीचेच कौतुक करतात : किती वाद्ये, किती ताल, किती अवघड. ते वाचून गेलेला श्रोता भावना शोधतच नाही. 'अ रियुनियन'मधली हुरहुर आणि 'ॲन इनमेट्स ललबाय'मधली करुणा यांना कोणत्याही गणिताची गरज नाही. गणित त्यांच्यापर्यंत पोहोचण्यासाठी आहे, हे विसरू नका.

तिसरा अडथळा मित्रमंडळींचा. स्वतःला पुरता समजण्याआधी हा अल्बम चारचौघांत लावू नका. कोणीतरी पहिल्याच मिनिटाला 'काच कोण फोडतंय?' असे विचारून हसेल आणि तुमचाही धीर सुटेल. आणि कोणाला ऐकवायचाच असेल तर सुरुवात 'अ रियुनियन'पासून करा.

यानंतर काय ऐकावे

याच वाद्यवृंदाचा १९७४ चा 'द पॉवर अँड द ग्लोरी' आधी घ्या. हेच पाच जण त्यात आहेत आणि सत्तेविषयीचे एक सलग कथासूत्र असल्यामुळे धागा धरायला सोपे जाते. त्यानंतर १९७५ चा 'फ्री हँड', ज्यात गळ्यांची गुंफण अधिक मोकळी आणि प्रसन्न आहे. मग मागे जाऊन १९७२ चा 'ऑक्टोपस' ऐका आणि फिल शुलमन असताना हा वाद्यवृंद कसा वाजत होता ते पाहा. १९७१ चा 'ॲक्वायरिंग द टेस्ट' मात्र या सगळ्यांनंतर घ्या. तो यांच्या सर्वांत दुर्गम अल्बमांपैकी एक आहे आणि त्याच्यापाशी लवकर गेलेले पुष्कळ श्रोते तिथूनच परत फिरतात.